कॉलरला टाचलेलं गाणं

माझ्या नणंदेला घरात सगळे बारकी म्हणतात. उंची पाच फूट नऊ इंच, वय तेहतीस, आणि दारातून आत येताना मान खाली घालते ती लाजून नव्हे, चौकटीला कपाळ आपटतं म्हणून. पण धाकटी म्हणून एकदा जे नाव चिकटलं ते चिकटलं. आमच्या भागातले लोक तिला ओळखतात ते मात्र दुसऱ्याच कारणासाठी. बारकी तिला भेटलेल्या पुरुषांवर गाणी करते. म्हणजे वाईट भेटलेल्या पुरुषांवर. चांगला भेटल्याचं उदाहरण बरेच दिवस नव्हतंच, त्यामुळे तसा फरक करायची कुणाला गरज पडली नव्हती.

आमची लाँड्री आहे. काउंटर माझं, धुलाईची मशिनं माझ्या नवऱ्याची आणि मागच्या खोलीतली वाफेची इस्त्री बारकीची. नवरा बोलत नाही. मशिनं इतकी खडखडतात की त्याला बोलायची कधी गरजच वाटली नाही. घरातलं सगळं बोलणं माझ्या वाट्याला आलं आणि गाणं बारकीच्या. सासूबाईंकडे टीका आहे.

वाफेची इस्त्री म्हणजे पायाने पट्टी दाबायची, वरचा तापलेला पाट धप्पकन खाली येतो आणि फुस्सकन वाफ सुटते. शर्टाचा क्रम ठरलेला असतो. आधी कॉलर, मग खांदा, मग मनगटं, बाह्या, आणि शेवटी पाठ-पोट. क्रम चुकला की आधीचं केलेलं चुरगळतं. बारकीची गाणी ह्याच क्रमाने होतात. कॉलरला पालुपद, दोन बाह्यांना दोन कडवी आणि पाठीवर शेवटचा रट्टा. पँटवर तिला काही सुचत नाही. सुचलंच तर रडकं सुचतं आणि ती ते टाकून देते.

सुरुवात झाली एका तीन वर्षांच्या प्रकरणापासून. तो गृहस्थ तीन वर्षं हिला म्हणत होता, घाई काय आहे, होऊ दे सगळं सावकाश. मग एका महिन्यात त्याने दुसरीशी लग्न केलं. बारकी आठ दिवस इस्त्रीपाशी उभी राहून रडली. वाफेत कुणाला कळत नाही, असं तिला वाटत होतं. नवव्या दिवशी मी आत गेले तर बाई शर्टावर पाट आपटून ठेक्यात म्हणतायत:

तीन वर्षं म्हणत होतास, 'घाई नको, थांब!'
तिच्यामागे पळताना मात्र टांग केवढी लांब!

मला हसू आवरेना. ती माझ्याकडे बघून हसली. आठ दिवसांनी पहिल्यांदा. त्या दिवशी मला वाटलं, सुटली एकदाची! गाणं हे औषध आहे असं मी तेव्हा चार लोकांत म्हणालेही होते. उचलली जीभ, लावली टाळ्याला. औषधाची सवय लागते हे कुणी सांगायचं?

त्यानंतर फोनवरून मुलं बघायचं सुरू झालं. बोटाने डावीकडे सारलं की गेला, उजवीकडे सारलं की कॉफी प्यायला आला. एकेक नग आले. एकाने फोटो लावला होता तो कुठल्या काळातला, त्यालाच माहीत:

फोटोमध्ये केस काळे, छाती कशी ताठ,
समोर आला त्याचा काका, वय वर्षं साठ!

हे सासूबाईंचं आवडतं. आंघोळ करताना म्हणतात. 'वय वर्षं साठ' ला तांब्या बादलीवर आपटतात. आपली लेक बिनलग्नाची राहिली म्हणून शेजारणीकडे डोळे पुसणारी हीच बाई, हं.

दुसऱ्याने समोर बसून आईला फोन लावला, चहा सांगू की कॉफी म्हणून:

चहा घेऊ की कॉफी घेऊ, आईला विचारतो,
आई तिकडून 'चहा' म्हणते, हा मान हलवतो.
आई गं आई, बाळाला ने,
आणि जमलं तर बिलही दे!

तिसरा आधीच्या बायकोच्या आठवणीने रडला आणि बारकीचा रुमाल घेऊन गेला. चार दिवसांनी तो रुमाल आमच्याच दुकानात धुवायला आला. माणूस दुकान कुणाचं हेही न बघता आत शिरला होता. बारकीने रुमाल धुऊन, इस्त्री करून, घडी घालून त्याच्याच हाती दिला आणि मग आत जाऊन सात कडव्यांचं गाणं केलं.

कोपऱ्यावर एक कॉफीचं दुकान आहे. तिथे दर गुरुवारी संध्याकाळी कुणीही पाटीवर नाव लिहावं आणि उभं राहून गावं. बहुतेक लोक चंद्राबिंद्रावर गातात. बारकी उभी राहिली आणि दुकान उलथंपालथं झालं. बायका टेबलं बडवायच्या. पुढच्या गुरुवारी त्या मैत्रिणींना घेऊन यायच्या. एक जाडजूड आवाजाची शिक्षिका तर आल्या आल्या ओरडायची, "काय गं, ह्या आठवड्यात कुणाचा मुडदा पाडलास?" बारकीचा एकच नियम होता आणि ती तो दरवेळी गाण्याआधी सांगायची: "माझं गाणं म्हणजे पंचनामा. एक अक्षर खोटं नाही." लोक टाळ्या वाजवायचे.

मला खुपायला लागलं ते हळूहळू. मुलगा भेटून बारकी घरी आली की चपला काढता काढता अहवाल सुरू. त्याचे मोजे कुठल्या रंगाचे, त्याने साखर किती चमचे घातली, कितव्या मिनिटाला स्वतःच्या पगाराचा विषय काढला. सगळं पाठ. एकदा ती वीस मिनिटांत परत आली. मी विचारलं, "का गं, इतका वाईट होता?" तर म्हणते, "नाही, पण पालुपद मिळालं."

मी कपाळावर हात मारला. "बारके, तू मुलगा बघायला जातेस की कडवं?"

"दोन्ही."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस! एखादा बरा निघाला तर तुझी पंचाईत होईल, आहे लक्षात?"

"वहिनी, बरा निघाला तर निघू दे ना. मी कुठे दार लावून बसलेय?" असं म्हणाली आणि वहीत 'पगार' ला यमक शोधत बसली.

मग लिफ्टवाला आला.

तो इमारतींमधल्या लिफ्ट तपासतो आणि दुरुस्त करतो. दर पंधरा दिवसांनी त्याचं जाड निळं जॅकेट आमच्याकडे यायचं, कोपरांपर्यंत ग्रीसने माखलेलं. माणूस साधा, कपाळ मोठं, बोलायच्या आधी एक क्षण थांबणारा. एकदा त्याने काउंटरवरून विचारलं, "आत इस्त्रीवर कोण आहे? ह्या जॅकेटच्या बाहीची शिवण उसवली होती. कुणीतरी न सांगता घातलीय."

मी बारकीला हाक मारली. ती मान खाली घालून चौकटीतून आली. त्याने वर बघितलं, एक क्षण थांबला आणि म्हणाला, "लिफ्टचं दार तुमच्या उंचीचं करतात. बाकीची दारं का करत नाहीत, कळत नाही."

बारकी काही बोललीच नाही! मी काउंटरला धरून उभी राहिले. ही, जी मेलेल्या माणसाला उत्तर देईल, ती नुसती उभी!

दोघं दोनदा भेटले. दोन्ही वेळेस ती घरी आली, चपला काढल्या, हात धुतले आणि गप्प. मी विचारलं, "कसा आहे?" म्हणाली, "बरा आहे." मी विचारलं, "मोजे?" तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी अचकट बोलले. मला आनंदाने गुदगुल्या झाल्या. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "हं." त्याच्या मानाने हे भाषण झालं.

पण तिकडे गुरुवार थांबत नव्हते. तीन गुरुवार बारकीने जुनी गाणी रेटली. तिसऱ्या गुरुवारी शिक्षिका सगळ्यांसमोर म्हणाली, "काय गं, धार गेली का?" लोक हसले. बारकीही हसली, पण घरी येताना रस्ताभर माझ्या चार पावलं पुढे चालत राहिली. त्या शुक्रवारी दुपारी तिच्या हाताखाली लिफ्टवाल्याचं जॅकेट होतं, आणि मला काउंटरवरून ऐकू येत होतं की पाट जरा जास्तच जोरात आपटतोय.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. प्रत्येक कपड्याच्या कॉलरला आतून जाड कागदाची नंबराची चिठ्ठी टाचलेली असते. पाण्यात जावो, वाफेत जावो, ती फाटत नाही. कपडा गिऱ्हाइकाच्या हातात जाईपर्यंत ती काढायची नाही हा पहिला नियम. नाहीतर ह्याची पँट त्याच्या घरी. इस्त्रीच्या खोलीत दुसरा कागद नसतो, म्हणून बारकीला ओळी सुचल्या की ती हातातल्याच कपड्याची चिठ्ठी काढते, मागे बारीक अक्षरात लिहिते आणि परत टाचते. संध्याकाळी कपडे टांगायच्या आधी वहीत उतरवून घेते. गिऱ्हाईक आलं की मी चिठ्ठी काढून डब्यात टाकते. वर्षानुवर्षं चाललंय.

त्या शुक्रवारी लिफ्टवाला संध्याकाळच्या ऐवजी चारलाच आला. मी फोनवर एका बाईशी हरवलेल्या बटणावरून भांडत होते. एका हाताने फोन, दुसऱ्या हाताने इस्त्री झालेल्या ढिगातलं जॅकेट, वर प्लॅस्टिक, हे घ्या. चिठ्ठी कॉलरलाच राहिली. गेला तो.

सहा वाजता बारकी वही घेऊन बाहेर आली. "वहिनी, निळं जॅकेट कुठंय?"

"गेलं."

ती खाली स्टुलावर बसली आणि जे लिहिलं होतं ते मला हळू आवाजात म्हणून दाखवलं. पाठ होतंच तिचं.

बटण दाबलं, दार उघडलं, आत नुसती हवा,
वर जातो, खाली येतो, विषय नाही नवा!
अर्धा तास ऐकवत होता दोरखंडांची कथा,
नखात ग्रीस, डोक्यात ग्रीस, हीच माझी व्यथा!
याच्यासोबत लिफ्टमधून वर मी कशी जाऊ?
त्यापेक्षा जिन्यावर बसून म्हातारी का न होऊ!

गाणं चांगलं होतं, हेच वाईट. मी विचारलं, "असा आहे तो?"

"नाही."

"मग?"

"मग काय मग! काही सापडेना मला त्याच्यात. दोन संध्याकाळी शोधलं."

मी तोंड सोडलं. खोटं कशाला सांगू, बरंच सोडलं. म्हटलं, बाई, लोकांना मुडदे हवेत म्हणून तू जिवंत माणूस मारायला निघालीस? तीन वर्षं तुला झुलवणाऱ्याला दोन ओळी, आणि ज्याने तुझी शिवण ओळखली त्याला सहा? कोण ती शिक्षिका, तिच्या टाळीसाठी?

बारकी वहीच्या पुठ्ठ्याचा कोपरा सोलत होती. म्हणाली, "टाळीसाठी नाही गं. वहिनी, मला तो आवडलाय. इतका आवडलाय की माझी भंबेरी उडालीय. गाणं झालं की माणूस लहान होतो. हातात मावतो. म्हटलं, ह्याचंही करून बघावं. उद्या गेला सोडून, तर निदान गाणं तयार असेल."

 मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ घामाने भिजलेली होती. नवरा मशीन बंद करून आला, दोघींकडे बघितलं आणि म्हणाला, "फोन कर त्याला." बारकीने केला. त्याने उचलला नाही. शनिवारी नाही, रविवारी नाही. बुधवारपर्यंत तिने सतरा वेळा केला आणि त्यातल्या एकदाही पलीकडून कुणी बोललं नाही. सासूबाईंनी आंघोळीतलं गाणं बंद केलं. घरात कुणी मेल्यासारखं वाटत होतं.

गुरुवारी ती जाणार नव्हती. मीच ओढत नेलं. म्हटलं, घरी बसून भिंतीला तोंड दाखवण्यापेक्षा चार लोकांत बस. आत शिरलो आणि मी बारकीचा दंड धरला. पाटीजवळच्या खुर्चीवर निळं जॅकेट बसलं होतं. गुरुवारच्या गाण्यांचं बारकीनेच त्याला कधीतरी सांगितलं होतं.

पाटीवर त्याचं नाव तिसरं होतं. तो उठला, घसा खाकरला, खिशातून आमची चिठ्ठी काढली.

"मला गाता येत नाही," तो म्हणाला. "हे गाणं माझ्या जॅकेटला टाचून आलं. माझ्यावर आहे. चाल माहीत नाही, म्हणून नुसतं वाचतो."

आणि वाचलं. संथपणे, आकडे वाचावेत तसं. लोक खदाखदा हसले. 'डोक्यात ग्रीस' ला शिक्षिकेने टेबलावर थाप मारली, कप उडाला. बारकी माझ्या शेजारी हातांनी कान झाकून बसली होती. मी तिचे हात खाली ओढले. म्हटलं, ऐक आता.

"मला कवितेतलं कळत नाही," तो पुढे म्हणाला. "मला तपासणीचा अहवाल लिहिता येतो. तो लिहिलाय. ओळ एक: आत नुसती हवा. शक्य आहे. मी स्वतःला आतून पाहिलेलं नाही."

पुन्हा हशा.

"ओळ दोन: विषय नाही नवा. आम्ही तिच्या वडिलांच्या आजारपणाबद्दल बोललो. मी हे आधी कुणाशी बोललो नव्हतो, कारण माझेही वडील तसेच गेले. माझ्यासाठी विषय नवा होता. ओळ तीन: अर्धा तास दोरखंडांची कथा. तिने विचारलं, दोर तुटला तर? मी सांगितलं, एक नसतो, बरेच असतात, एक तुटला तरी बाकीचे धरून ठेवतात. तिने परत विचारलं. पाच वेळा विचारलं. मला वाटलं तिला खरंच भीती वाटते, म्हणून मी पाच वेळा सांगितलं. अर्धा तास बरोबर आहे."

आता कुणी हसत नव्हतं. एक-दोघं हसले ते मध्येच थांबले.

"ओळ चार: नखात ग्रीस. हे चूक आहे. मी दोन्ही दिवस कामावरून घरी गेलो होतो. ब्रशने हात घासले होते. दोनदा." त्याने हात जरा पुढे केले आणि लगेच मागे घेतले. "डोक्यातलं तपासता येत नाही. शेवटच्या दोन ओळी हा ज्याच्या-त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही हसू आलं होतं. अहवाल संपला."

तो खाली बसला.  आणि बारकी उभी राहिली. पाच फूट नऊ इंच, लपायला जागा नाही.

"हात स्वच्छ होते," ती म्हणाली.  "मी बघितले होते. दोन्ही दिवस बघत होते. नखं कापलेली होती आणि उजव्या अंगठ्याला पट्टी होती. मी दरवेळी इथे सांगते, एक अक्षर खोटं नाही. ते गाणं अख्खं खोटं आहे. त्याने काहीच वाईट केलं नाही. मला तो आवडला आणि मी घाबरले. एवढंच आहे. ह्याला चाल नाही."

शिक्षिका मागून म्हणाली, "म्हणजे आज नवीन गाणं नाही?"

"तुमच्या नवऱ्यावर करा की एखादं!" मी ओरडले. माझा संयम तेवढाच आहे. सगळे तिच्याकडे वळून हसायला लागले, आणि त्या गडबडीत लिफ्टवाला उठून बाहेर गेला.

बारकी त्याच्यामागे धावली. काचेतून मला दोघं दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं. बराच वेळ ती एकटीच बोलत होती, हात हलवून हलवून. तो जमिनीकडे बघत होता. मग तो काहीतरी म्हणाला, आणि तिचे हात खाली आले. मग तो बोलत राहिला आणि ती ऐकत राहिली. माझी कॉफी गार झाली, दुसरी मागवली, तीही गार झाली. शेवटी तो एकटाच निघून गेला. ती आत आली. मी विचारलं, "काय म्हणाला?"

"रविवारी येईन म्हणालाय. बागेत. पण नक्की नाही म्हणाला. राग गेलेला नाही म्हणाला."

"खरं बोलतो बिचारा," मी म्हटलं.

रविवारी चार वाजता ती गेली. सासूबाई दर दहा मिनिटांनी खिडकीशी. मी त्यांना म्हटलं, "आई, खिडकी झिजेल." त्या म्हणाल्या, "तू नको शिकवू, तू तर दारात खुर्ची टाकून बसलीयेस." खरं होतं. सहा वाजले, ती आली नाही. म्हणजे तो आला असावा. सात वाजता जिन्यावर पावलं वाजली.

आली. चपला काढल्या. मी आणि सासूबाई दोन्ही बाजूंनी धरलं. "आला होता?"

"हो."

"काय बोलला? राग गेला?"

"थोडा गेला. थोडा आहे."

"अगं, नीट सांग! काय घातलं होतं त्याने? कुठे बसलात? चहा घेतला की कॉफी?"

बारकी भिंतीला टेकून उभी राहिली. आठवायचा प्रयत्न करत होती, प्रामाणिकपणे. कपाळाला आठ्या घातल्या. ज्या बाईला चार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या मोज्यांचा रंग पाठ आहे, ती आमच्याकडे बघत म्हणाली, "वहिनी, मला काहीच आठवत नाहीये गं."

सासूबाई चिडल्या. तीन तास बसली आणि आठवत नाही म्हणजे काय, डोकं ठिकाणावर आहे का हिचं! मी त्यांना बोलू दिलं आणि स्वयंपाकघरात गेले, नळ मोठा सोडला आणि मला रडायचं होतं तेवढं रडून घेतलं.